आधी नाच, मग क्रीमरोल

पास्कूकाकांच्या बेकरीत नुसते पैसे देऊन क्रीमरोल मिळत नसे. मोठ्या माणसांना मिळे, कारण त्यांच्याबद्दल काकांनी आशाच सोडली होती. पण गिऱ्हाईक शाळकरी असलं, की काउंटरमागून एक जाडजूड बोट कोपऱ्यातल्या टीव्हीकडे वळायचं आणि हुकूम यायचा, "आधी नाच."

टीव्हीसमोर जमिनीवर एक प्लॅस्टिकची चटई पसरलेली असे. तिच्यावर चार दिशांना चार बाण छापलेले. गाणं सुरू झालं की पडद्यावर तसेच बाण खालून वर सरकू लागत, आणि जो बाण वर पोचेल त्याच बाणावर चटईवर पाय पडला पाहिजे, असा तो खेळ. पाय बरोबर पडला तर टीव्ही शाबासकी द्यायचा, चुकला तर टुर्रर करून नापसंती दाखवायचा. एक गाणं पार पडेपर्यंत धडधाकट पोराच्याही तोंडाला फेस यायचा. मग काका कपाटाची काच सरकवून क्रीमरोल काढत आणि दोन्ही हातांनी, बक्षीस दिल्यासारखा देत. वर पैसे घेत. बक्षिसाचे पैसे घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची सोसायटी नवी होती आणि काकांची बेकरी जुनी. आम्ही राहायला येण्याआधी तिथे भाताची शेतं होती. हे काका वरचेवर ऐकवत, आणि अशा सुरात, की जणू माझ्या बेडरूमसाठी त्यांचं भात मीच उपटून फेकलं होतं. मी पोस्टात नोकरीला. दिवसभर खिडकीपलीकडच्या माणसांशी बोलून संध्याकाळी मला कुणाचं तोंड बघायची इच्छा उरत नसे, आणि पाव तर रोज लागायचा. काका मला त्यांच्या बोलीत 'बाय', म्हणजे बाई, म्हणत. त्यांची खोड अशी, की ते बोलायला सुरुवातच "बोलनं संपलं" अशी करत. "बोलनं संपलं, बाय. आज पाव जरा कडक झालाय," इथून गाडी निघायची ती चर्चच्या नव्या फादरांवरून, अर्नाळ्याच्या बोंबलांवरून आणि दिल्लीच्या सरकारवरून फिरून पुन्हा पावावर यायची. तोवर पाव खरोखरच कडक झालेला असायचा.

काका स्वतः चांगले भरभक्कम. काउंटर आणि कपाट यांच्यामधून ते अंग चोरून जात, तरी कपाटातल्या बरण्या वाजत. खरं म्हणजे ती चटई आली होती त्यांच्यासाठीच. त्यांच्या पत्नी, फिलूमामी, वारल्या होत्या. काउंटर आधी त्याच सांभाळायच्या. त्यांच्यामागे काकांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. काका चालत, घरापासून बेकरीपर्यंत. घर बेकरीच्या मागच्या दाराला लागूनच होतं. शेवटी त्यांचा भाचा विल्सन, जो गल्फमध्ये नोकरीला होता, सुट्टीवर येताना हे यंत्र घेऊन आला. "मामा, घरातल्या घरात व्यायाम होईल," म्हणाला. मामांनी चटई उलटी करून पाहिली, वास घेऊन पाहिला आणि भाच्याचं विमान उडाल्यावर ती उचलून दुकानात पोरांसाठी टाकली. "भट्टीवाला नाचत बसला तर पाव कोन बघनार?" असं विचारून ते मोकळे झाले. त्यांचा स्वतःचा पाय तिच्यावर पडलेला कुणी पाहिला नव्हता. झाडू मारतानासुद्धा ते तिला वळसा घालून जात.

"पन पोरांना का छळता?" असं मी त्यांच्याच भाषेत एकदा विचारलं.

"बोलनं संपलं," काका म्हणाले. "या काउंटरवर बसून मी रस्ता बघतो. पैलं पोरं शेताच्या बांधावरून धावत यायची, पाव घेऊन धावत जायची. आता लिफ्टनं खाली येतात आनि रिक्षातून उतरून क्रीमरोल मागतात. बाय, तो क्रीमरोल मी बनवतो. त्यात किती डालडा हाय ते मला म्हाईत हाय."

असा स्वतःच्या मालाची बदनामी करणारा दुकानदार. पण माझं त्याच्याशी खरं भांडण झालं ते मुग्धावरून.

मुग्धा, माझी मुलगी, तेव्हा पाचवीत होती. अंगाने भरलेली. घरी आम्ही त्याला बाळसं म्हणायचो, शाळेत काहीतरी दुसरंच म्हणत. काय म्हणत ते तिने मला कधी सांगितलं नाही. आधी तिने संध्याकाळी खाली खेळायला जाणं सोडलं. मग गॅदरिंगच्या नाचातून नाव काढून घेतलं. मग मैत्रिणींच्या वाढदिवसाला नेमकं तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, पोरीला हलती ठेवा. वजनाची काळजी मला होतीच, पण जिवाला घोर होता तो दुसरा. माझी पोर माणसांसमोर यायलाच घाबरायला लागली होती. चारचौघांत ती एकदा तरी मोकळेपणाने उभी राहावी, एवढंच मला हवं होतं.

बेकरीत मात्र ती माझ्याबरोबर यायची. क्रीमरोलचा जोरच तसा. चटई आली त्या आठवड्यात आम्ही गेलो, तेव्हा कोपऱ्यात पोरांचा घोळका होता. काकांचं बोट वळलं. "आधी नाच."

मुग्धाने चटईकडे पाहिलं, घोळक्याकडे पाहिलं आणि दुकानाबाहेर गेली.

"काका, देऊन टाका तिला. ती नाही नाचणार," मी म्हटलं.

"कायदा म्हंजे कायदा, बाय."

मी पावाची पिशवी काउंटरवर तशीच टाकून निघून आले. त्यानंतर काही दिवस आम्ही स्टेशनजवळच्या बेकरीचा पाव खाल्ला. त्याला सोड्याचा वास यायचा, पण स्वाभिमानापुढे वासाचं काय. ह्यांनी, म्हणजे मुग्धाच्या बाबांनी, दोन दिवस तो पाव चहात बुडवून सोसला आणि तिसऱ्या दिवशी, "तुझं आणि पास्कूचं मिटेल तेव्हा मिटेल, मी पोळी खातो," म्हणून जाहीर केलं. झक मारत मी परत गेले.

काकांचा चेहरा उतरलेला होता. "पोरगी रागावली?" त्यांनी विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रोज तिच्या वाटचा एक क्रीमरोल बाजूला काढून ठेवतो. ती येत नाय. दुसऱ्या दिवशी तो विकता येत नाय, टाकवत पन नाय, म्हनून मी खातो. तिच्या रागानं माझी शुगर वाढली, बाय. डॉक्टर मला ओरडला."

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला दुपारी बोलावलं. दुपारी बेकरी बंद असते आणि त्या वेळात काका पोपालाही पाव विकणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. शटर अर्ध्यावर होतं. वाकून आत गेलो, तर टीव्हीच्या कोपऱ्याला आडवी दोरी बांधून काकांनी पडदा टांगलेला. मैद्याची रिकामी पोती उसवून, धुऊन, एकाला एक जोडून शिवलेला. टाके पाहून मला शिवण शिकवणाऱ्या बाईंची आठवण झाली, त्या असत्या तर रडल्या असत्या. पडदा जमिनीपासून हातभर वर होता, तेवढे पाय फक्त दिसले असते.

"आत कोन नाय," काका मुग्धाला म्हणाले. "मी तिकडं तोंड करून बसतो. तुझ्या आईला पन बसवतो."

"तुम्ही खरंच बघणार नाही?"

"मला दुसऱ्याला बघायचा शौक नाय. आनि दुसऱ्यानं मला बघावं हा तर बिलकुल नाय."

आम्ही दोघं स्टुलांवर, भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसलो. मागे चटई चुरचुरली. मग गाणं लागलं आणि टीव्ही टुर्रर टुर्रर करू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका कॅलेंडरवरून नजर न काढता म्हणाले, "डावा पाय उशिरा पडतो हाय."

"काका, तुम्ही बघताय," आतून आवाज आला.

"ऐकतो हाय. पायाचं ऐकू येतं, पोरी."

आणि त्यांना खरंच ऐकू यायचं. कुणाचा टाचेवर भार आहे, कोण दमलंय, कोण चिडून पाय आपटतंय, हे ते पाठ करून बसल्या बसल्या सांगत. एकदा ऐन गाण्यात वीज गेली. तेव्हा आमच्याकडे वीज येण्याचीच बातमी व्हायची. मुग्धा हिरमुसून पडद्याबाहेर येणार, तोच काकांनी पावाचा रिकामा ट्रे मांडीवर घेतला आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. "डावा, उजवा, फुडं, मागं. लाईट कंपनीची हाय, पाय तुझे हायत." ठेका असा चोख, की मी स्टुलावर बसल्या जागी डोलायला लागले. हा माणूस नाचत का नाही, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण मला पोळ्या करायच्या होत्या.

रविवारची दुपार मग मुग्धाची झाली. हळूहळू मंगळवारचीही. पाच-सहा महिन्यांत ती त्या यंत्राची सगळी गाणी पार करून बसली. संध्याकाळच्या पोरांना एवढंच कळलं होतं, की दुपारी पडद्यामागे कुणीतरी नाचतं आणि टीव्हीत गुणांचे सगळ्यात वरचे आकडे त्याचे आहेत. कोण, ते काकांनी सांगितलं नाही. मुग्धानेही नाही. ती आता जिने चढताना धापा टाकत नसे, गाल जरा बसले होते, पण पडदा काही हलेना. शटर पूर्ण उघडायच्या आत ती मागच्या दाराने घरी.

"पडदा कधी काढायचा काका?" मी विचारायची.

"पीठ फुगायच्या आत भट्टीत घातलं तर त्याचा दगड होतो," एवढंच उत्तर मिळायचं.

दुसरीकडे काकांच्या योजनेतली गोम बाहेर येऊ लागली होती. जी पोरं पूर्वी आठवड्यातून एखादा क्रीमरोल खायची, ती आता रोज येऊन नाचायची आणि रोज खायची. उत्साही पोरं दोन गाणी नाचून दोन खायची. जी मुळात काडीसारखी होती, त्यांना पोटं सुटायला लागली. आमच्या बी विंगच्या कुलकर्णीबाई एक दिवस बेकरीत येऊन म्हणाल्या, "काका, आमचा चिरंजीव तुमच्याकडे व्यायामाला लागल्यापासून त्याच्या पँटचं बटण लागत नाही." आणि मग, सगळ्या आयांच्या वतीने, "निदान दर आठवड्याला मुलांची वजनं तरी घेत जा. तुमच्याकडे काटा आहेच."

मैद्याची पोती तोलायचा मोठा काटा दाराशीच होता. काकांनी कुलकर्णीबाईंकडे पाहिलं, उठले आणि एक गोणपाट आणून काट्यावर टाकलं. "याच्यावर मैदा चढतो, बाय. पोरं चढनार नाय."

बटणाचं मात्र त्यांनी मनाला लावून घेतलं. आधी क्रीमरोल बोटाएवढा झाला. पोरांनी ओरड केली, की नाच तेवढाच आणि रोल निम्मा, ही लबाडी आहे. मग एका सोमवारी कपाटातून क्रीमरोल नाहीसेच झाले आणि त्या जागी काकांच्या परसातल्या वेलची केळ्यांचा घड लटकू लागला. एक गाणं, एक केळं, फुकट. त्या आठवड्यात बेकरीत शुकशुकाट होता. पण क्रीमरोलपेक्षा टीव्हीच्या शाबासकीची चटक मोठी निघाली. पोरं परत आली आणि तोंडं वाकडी करून केळी खाऊ लागली. स्वतःचा धंदा बसवून लोकांच्या पोरांची पोटं बसवणारा बेकरीवाला म्हणून काकांचं नाव पार कळंबपर्यंत गेलं. क्रीमरोल घेणारी मोठी माणसं दुसरीकडे वळली, तर काका म्हणाले, "बरं झालं, त्यांना पन नाचवायला लागलं असतं."

नाताळ झाल्यावर विल्सनचं लग्न निघालं. काकांनी पत्रिका घरी आणून दिली आणि मुग्धाला बजावलं, "केक मी करनार हाय. खायला मानूस पायजे." मुग्धाच्या पोटात नेहमीप्रमाणे दुखणार, असं मी धरूनच चालले होते. पण काकांपुढे ते दुखलं नाही.

लग्न गासला. चर्चमधून आल्यावर संध्याकाळी विल्सनच्या घरासमोरच्या वाडीत मांडव, एका बाजूला बँडवाले, मधे नाचायला मोकळी जागा आणि भोवती खुर्च्या. मुग्धाने सगळ्यात मागची, खांबाच्या आडची खुर्ची पकडली. तिच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी काकांची बहीण रोझीबाई, म्हणजे नवऱ्याची आई. काका समोरच्या रांगेत, काळ्या कोटात. कोटाने आणि त्यांनी एकमेकांना कसंबसं सहन केलं होतं. त्यांच्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

नवराबायकोचा पहिला नाच झाला. मग माइकवाल्याने घरच्या मोठ्यांना एकेक करून बोलवायला सुरुवात केली. त्यांच्यात तशी रीत आहे, घरच्या वडीलधाऱ्यांनी त्या जोडप्याबरोबर चार पावलं टाकायची, म्हणजे आशीर्वाद पुरा झाला. काका-काकू गेले, आत्या गेली. मग माइकवर आलं, "आणि आता नवऱ्याचे मामा."

काका उठले नाहीत. माइकवाल्याने पुन्हा पुकारलं. विल्सनने नाचता नाचता हाताने खूण केली. काकांनी मान खाली घातली आणि कोटाचं बटण चाचपत बसले. सगळ्या रस्त्याला नाचवणारा माणूस, आणि त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता.

"नाय उठनार तो," रोझीबाई हळूच मला म्हणाल्या. "आमची फिलूवैनी लग्नाआधी कशी नाचायची म्हाईत हाय? अख्ख्या गासात तशी कोन नव्हती. पोरं थांबून राहायची तिच्यासाठी. मग पास्कूशी लगीन झालं. त्याला लाज वाटायची, लोक जाड्या म्हनून हसतील. ती म्हनायची, तुम्ही नाय तर मी पन नाय. मग प्रत्येक लग्नात दोघं खुर्चीवर. तोंडानं कधी कुरकुर नाय केली बिचारीनं. पाय तेवढे खुर्चीखाली चालू असायचे."

तेवढ्यात माझ्या पलीकडची खुर्ची सरकली. मुग्धा उठली होती. ती मांडवाच्या कडेने नाही, मधून, सगळ्यांच्या समोरून चालत गेली आणि काकांपुढे उभी राहिली. मागून दोन पोरं फिसकन हसली. मला ऐकू आलं, म्हणजे तिलाही आलंच असणार. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"काका, उठा ना," ती म्हणाली. "मला एकटीला लाज वाटते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते उठले. बटण तुटून उडालं. त्याकडे लक्ष न देता त्यांनी तिचा हात धरला आणि दोघं मधे गेली. सुरुवातीला काका नुसतेच एका जागी डुलत होते. मग पाय सुटला. ठेका तर त्यांच्या अंगात होताच, आयुष्यभर ऐकून ऐकून मुरलेला. मुग्धा पुढे, ते मागे, मुग्धा वळली की तेही वळत. ते काही फार देखणं दिसत होतं असं मी म्हणणार नाही. पण बँडवाल्यांनी ते गाणं लवकर संपवलं नाही, आणि त्या हसणाऱ्या पोरांना रोझीबाईंनी एका नजरेत गप्प केलं.

गाणं संपलं तेव्हा काका धापा टाकत आमच्याजवळ येऊन बसले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी नुसताच हातात धरून ठेवला.

"एवढंच असतं होय?" ते म्हणाले.

त्यांची नजर मधल्या मोकळ्या जागेवर होती.

"कोन मेलं नाय. कोनी मारलं नाय. एवढ्यासाठी मी फिलूला जन्मभर माझ्या बाजूला बसवून ठेवलं, बाय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. माझेही डोळे भरून आले. बँडने पुढचं गाणं धरलं होतं. मुग्धा परत आली नव्हती. नवरीच्या मैत्रिणींनी तिला आपल्या घोळक्यात ओढलं होतं आणि सगळ्यांच्या मधोमध, दिव्याखाली, ती नाचत होती. जेवणाची पंगत बसायला लागली होती, म्हणून मी तिला हाक मारायला उठले. काकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बोलवू नका," ते म्हणाले. "नाचू द्या तिला."